इंचांचा हिशेब आणि सह्याद्रीचा पाऊस

पावसाळा सुरू झाला की गोमंतकातील वृत्तपत्रांत एक लहानसा तक्ता नित्यनेमाने दिसू लागतो. पणजी इतके इंच, वाळपई इतके, साखळी इतके, केपे इतके, काणकोण इतके. दशमान पद्धत येऊन कित्येक दशके लोटली, तरी पाऊस मात्र आम्ही अद्याप इंचांतच मोजतो, आणि तो तक्ता आमचे वाचक सोन्याच्या भावाइतक्याच आस्थेने वाचतात, हा आमचा अनुभव आहे. शंभरी ओलांडली म्हणजे बाजारात, देवळाच्या सभामंडपात, कदंबच्या गाडीत एकच उद्गार ऐकू येतो, ‘यंदा पाऊस बरा झाला!’ २०२४ च्या पावसाळ्यात वाळपईने दोनशे इंचांचा पल्ला गाठला तेव्हा तर हा उद्गार अभिमानाच्या सुरात निघत होता, जणू काही तो सत्तरीकरांनीच केलेला पराक्रम होता.

शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भूमीत डोंगरपायथ्याच्या वाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट मात्र त्या तक्त्यात मावत नाही. ज्या झरीवर आजोबांचे कुळागर पोसले गेले ती झर होळीच्या सुमारास आटते, आणि आषाढात त्याच डोंगराची माती घरात शिरते. पाऊस बरा झाला असे इंच सांगतात. मग माणसांचा अनुभव उलटा का? या प्रश्नाचे उत्तर आमच्या तक्त्याच्या पलीकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर आणि गेल्या शे-सव्वाशे वर्षांच्या नोंदींत शोधावे लागते. ते शोधू गेल्यास प्रथमदर्शनी गोंधळच पदरी पडतो, हेही सांगून टाकले पाहिजे.

केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली भारतातील हवामानबदलाचा एक साकल्याने घेतलेला आढावा प्रसिद्ध केला. त्यात असे नमूद आहे की १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवते. उलट, गोवा सरकारच्या हवामानबदलविषयक कृती आराखड्यात १९०१ ते २०१५ या काळात गोव्याचा वार्षिक पाऊस अडुसष्ट टक्क्यांहून अधिक वाढल्याचे म्हटले आहे. दोन्ही कागद सरकारी, दोन्ही तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेले. एक म्हणतो घाटातला पाऊस ओसरला. दुसरा म्हणतो घाटाच्या पायथ्याशी तो दीडपटीहून वाढला. सामान्य वाचकाने यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा?

अडुसष्ट टक्के हा आकडा आम्हांस जपूनच घ्यावासा वाटतो. एखादी चढती रेषा कोठून सुरू करावयाची यावर तिचा चढ अवलंबून असतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत १९०५, १९११, १९१८ अशी देशभर अवर्षणाची साले येऊन गेली. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून मोजू लागल्यास माडी उंचच भासणार. तथापि वाढीची दिशा खोटी आहे असेही म्हणता येत नाही, आणि मंत्रालयाचा आढावाही चुकीचा नाही. खरी गोम ही की ‘पश्चिम घाट’ नावाची एकजिनसी वस्तू हवामानाच्या हिशेबात अस्तित्वातच नाही. तापीच्या काठापासून कन्याकुमारीपर्यंत सोळाशे किलोमीटर पसरलेल्या या रांगेत दक्षिणेकडचा, म्हणजे प्रामुख्याने केरळाकडचा पाऊस दीर्घ काळाच्या हिशेबात घटत गेला आहे, तर उत्तरेकडच्या, म्हणजे कोकण-गोव्याकडच्या भागात तो वाढण्याकडे कल आहे, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी १९३१ ते २०१५ या काळातील नोंदींवरून दाखवून दिले. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वाऱ्याचा मुख्य प्रवाह हळूहळू उत्तरेकडे सरकत आहे, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. सगळ्या रांगेची सरासरी काढली की दक्षिणेची तूट उत्तरेची वाढ गिळून टाकते, आणि दोन्हीकडच्या लोकांना आपला अनुभव त्या आकड्यात ओळखू येत नाही.

डोंगराळ मुलखाची सरासरी ही मुळातच फसवी. समुद्रावरून आलेले बाष्पाने जड वारे सह्याद्रीच्या भिंतीला आदळून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावर व माथ्यावर आपले ओझे उतरवतात. पलीकडे उतरतात ते हलके होऊनच. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस. तेथून वीसएक किलोमीटरवरील पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. घाट उतरून वाईस पोहोचावे तो आठवा हिस्साही पुरता नाही. आपल्याकडे पणजीस सरासरी एकशे पंधरा-वीस इंच, वाळपईस त्याहून पुष्कळ अधिक, आंबोलीस वाळपईहूनही अधिक, आणि बेळगाव शहरास जेमतेम पन्नास इंच. खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे एकच गाव घ्या. तेथील कळसा नाला पश्चिमेकडे वाहून म्हादईला मिळतो आणि तेथेच उगम पावणारी मलप्रभा पूर्वेची वाट धरते. एका गावावर पडलेल्या पावसाचे एक पाणी अरबी समुद्रात आणि एक बंगालच्या उपसागरात. अशा मुलखात दहा-पंधरा किलोमीटरवर एखादे पर्जन्यमापक ठेवून त्याच्या नोंदीला साऱ्या डोंगराचा पाऊस म्हणणे म्हणजे एका शिताने सगळ्या पंक्तीच्या जेवणाची परीक्षा करणे होय. घाटमाथ्याची ठाणी मोजकी, खंडित आणि बहुधा रस्त्याच्या कडेची आहेत. कड्यांवर आणि दाट रानात, जेथे पाऊस सर्वांत जास्त, तेथे मोजणारे कोणी नाही.

इंच वाढले की घटले यापेक्षाही ते कसे पडले हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पूर्वीचा पाऊस कसा होता याची स्मृती आमच्या पंचांगांत आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यात आहे. मृगाने जमीन भिजवावी, आर्द्रेने पेरणी उगवून आणावी, पुनर्वसू-पुष्याने झड लावावी, मघा-पूर्वांनी भाताच्या लोंब्या भराव्यात आणि हस्ताने गडगडाट करून निरोप घ्यावा. नक्षत्रांची ही गणना म्हणजे पर्जन्यमापक नसलेल्या समाजाने शतकानुशतके ठेवलेली नोंदवहीच आहे. गेल्या काही वर्षांत ती वही कशी विस्कटली ते पाहा. २०२३ साली मोसमी पाऊस लांबला, जुलैत धो धो कोसळला, आणि ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशभरात छत्तीस टक्के तूट. ऐन श्रावणात शेतांना भेगा पडल्या. २०२४ साली पाणी मोजता मोजता आमचे तक्ते अपुरे पडले. २०२५ साली मोसमी वारे २४ मे रोजीच केरळात आणि दुसऱ्या दिवशी गोव्यात येऊन ठेपले. २००९ नंतर इतक्या लवकर ते केरळात आले नव्हते. मृगाचा पाऊस रोहिणीत येऊन गेला. वाळत घातलेले आमसोल, शाकारणीवाचून राहिलेली छपरे, पावसाळ्याची अर्धीच भरलेली बेगमी, अशी घरोघरची त्रेधा आम्ही पाहिली. तिन्ही वर्षांचा वार्षिक आकडा तक्त्यात शेजारी शेजारी मांडला तर यांतले काहीही दिसणार नाही.

याची शास्त्रीय बाजू आता पुष्कळशी उलगडली आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातील पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने चढले, आणि अरबी समुद्र त्यात मागे नाही. तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अशी हवा अधिक काळ पाणी धरून राहते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणूनच मोसमी पावसाची एकूण गोळाबेरीज घटत असतानाच मध्य भारतात दिवसाला दीडशे मिलिमीटरहून अधिक, म्हणजे सहा इंचांवर, पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे पंचाहत्तर टक्क्यांनी वाढले. आपल्या किनाऱ्याचे ढगही पालटत आहेत. पूर्वी घाटाला अडून बरसणारे ढग बहुधा बुटके असत. त्यांतून दिवसचे दिवस संथ, चिवट पाऊस झिरपे. आता अधिक उंच चढणारे, गडगडाटी ढग वाढले असल्याचे कोचीच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी २०२२ मध्ये मांडले. महाबळेश्वरी २०१२ पासून ढगांचा अभ्यास करणारी एक उच्चस्थानीय प्रयोगशाळा पुण्याच्या संस्थेने चालवली आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

संथ पाऊस आणि कोसळता पाऊस यांत डोंगराच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. पाच दिवस झिमझिमणारे दहा इंच रानातल्या पाचोळ्यातून, मुळांच्या जाळ्यातून जमिनीत मुरतात आणि पौष-माघापर्यंत झरींच्या रूपाने परत मिळतात. तेच दहा इंच एका रात्रीत कोसळले तर माती घेऊन खाली येतात आणि दोन दिवसांत समुद्राला जाऊन मिळतात. पर्जन्यमापकाला दोन्ही सारखेच. कुळागराला नव्हे.

२२ व २३ जुलै २०२१ या दोन दिवसांनी हे सारे एकत्र दाखवले. महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४.४ मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंचांहून अधिक पाऊस झाला. वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, महाडजवळच्या तळिये गावावर कडा कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच वेळी इकडे म्हादई पात्र सोडून सत्तरीत शिरली, डिचोलीत पाणी घुसले, शेकडो घरे पडली, आणि दूधसागर व सोनावळीच्या दरम्यान दरड येऊन मंगळूरहून मुंबईकडे निघालेली आगगाडी रुळांवरून घसरली. १९८२ नंतरचा सर्वांत भीषण पूर असे मुख्यमंत्र्यांनीच त्याचे वर्णन केले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण झाले होते, त्यानंतर १९ जुलै २०२३ रोजी खालापूरची इर्शाळवाडी झाली, आणि ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कै व चूरलमला ही गावे चिखलाखाली गेली. तेथे अडीचशेहून अधिक लोक प्राणास मुकले. दहा वर्षांत आषाढ-श्रावणाच्या संधीवर सह्याद्रीने चार वेळा गावेच्या गावे गिळली. यास दैवी कोप म्हणून हात झटकणे सोयीचे आहे. पण कोसळता पाऊस हे निमित्त असले, तरी उतार तोडून काढलेले रस्ते, भुईसपाट केलेले रान आणि मुजवलेल्या ओहळांच्या वाटा यांचा हिशेब कोणी द्यावयाचा? आमच्या गोव्यात डोंगर कापून भूखंड पाडणाऱ्यांस पावसाळ्यापुरती नोटीस जाते आणि चतुर्थीनंतर यंत्रे पुन्हा घरघरू लागतात, हे आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहोत.

उष्णतेविषयी आपल्याकडे बोलणे कमी होते, कारण समुद्रकाठच्या माणसाला घामाची सवय असते. परंतु डोंगरावर एक अंश म्हणजे केवळ एक अंश नव्हे. उंची वाढते तसे तापमान उतरते, हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश या हिशेबाने. म्हणजे हवा एक अंशाने तापली की थंडाव्याला सरावलेल्या झाडापेडांना, बेडकांना, कीटकांना तोच गारवा मिळवण्यासाठी सुमारे दीडशे मीटर वर सरकावे लागते. निलगिरीत आणि अण्णामलईत त्यांना अडीच हजार मीटरपर्यंत वाट आहे. गोव्यातील सर्वोच्च सोसोगड अकराशे-साडेअकराशे मीटरचा. त्याच्या वर आकाशच. २०२३ साली फेब्रुवारी महिना देशात १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण ठरला, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा निघून शाळा दुपारीच सोडण्यात आल्या, आणि नेमक्या त्याच दिवसांत म्हादई अभयारण्यात व आसपासच्या रानांत ठिकठिकाणी वणवे पेटले. हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाण्याच्या बादल्या घेऊन घाटावर घिरट्या घालताना आम्ही प्रथमच पाहिली. आगी कोणी लावल्या यावर पुष्कळ वाद झाला. लावणारा कोणीही असो, सुके रान त्याच्या आधीच तयार होते.

या सगळ्याचा आपल्या रोजच्या राजकारणाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यास आम्ही म्हादईच्या निवाड्याकडे बोट दाखवू. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात खोऱ्याचे वार्षिक पाणी पंचाहत्तर टक्के विश्वासार्हतेने १८८.०६ टीएमसी धरले. याचा अर्थ शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे निदान इतके पाणी मिळेल असा हिशेब. गोव्याचे म्हणणे पाणी त्याहून पुष्कळ कमी असल्याचे होते. त्या आकड्यावर कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी अशी वाटणी झाली. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी खोऱ्याबाहेर मलप्रभेत नेण्यासाठी. निवाड्याविरुद्ध अपिले झाली, आंदोलने झाली, विधानसभेत ठराव झाले, आणि त्या लढ्यात आम्हीही कसूर केलेली नाही. पण १८८ हा आकडा गेलेल्या पावसाचा आहे. तो येणाऱ्या पावसाचाही असेल असे गृहीत धरून भाऊ-भाऊ वाटणीला बसले आहेत. वार्षिक आकडा उद्या तेवढाच राहिला, परंतु तो जुलैच्या पंधरा दिवसांत वाहून गेला, तर एप्रिल-मेमध्ये ओपाच्या आणि अंजुण्याच्या पात्रांत काय उरेल, हा प्रश्न निवाड्यात नाही आणि आपल्या वकिलांच्या युक्तिवादातही तो ठळकपणे आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. निवाड्याचा फेरविचार तर २०४८ नंतरच व्हावयाचा आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीमुळे भले भले चकतात. ‘सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ असे आकाशवाणी सांगते, तेव्हा ती सरासरी ही काही अढळ ध्रुवतारा नसते. हवामान खात्याने २०२२ मध्ये ती नव्याने ठरवली. पूर्वी १९६१ ते २०१० या काळाच्या आधारे देशाचा मोसमी पाऊस ८८०.६ मिलिमीटर धरला जाई. आता १९७१ ते २०२० च्या आधारे तो ८६८.६ धरला जातो. शास्त्राच्या दृष्टीने ही फेरमोजणी रीतसरच आहे. परंतु पाऊस घटतो तशी मोजपट्टीही आखूड होत जाते, आणि कालचे ‘सरासरीपेक्षा थोडे कमी’ हे आज ‘सरासरीइतके’ होऊन बसते, याची जाणीव निदान धोरण आखणाऱ्यांनी ठेवावयास हवी.

आमचे मागणे फार मोठे नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण येथील घाटमाथ्यावर, चोर्ल्यापासून खाली दक्षिणेपर्यंत, आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके व तापमापके पुरेशा संख्येने बसवावीत. त्यांचा तासागणिक आकडा पायथ्याच्या पंचायतींस मराठीत व कोकणीत तत्काळ कळेल अशी व्यवस्था करावी. आणि कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीतील ठाण्यांशी त्यांचा मेळ घालावा. पाण्यावरून भांडणाऱ्या तीन राज्यांनी पाऊस मोजण्यापुरते एकत्र येण्यास कोणत्याही न्यायालयाची आडकाठी नाही. चार तास आधी कळलेले आठ इंच एखाद्या वाडीचे प्राण वाचवू शकतात.

दुसरी गोष्ट पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तो जाचक वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती नेमली, तिने २०१३ मध्ये क्षेत्र बरेच आटवून दिले, तेही पचेना. २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी, म्हणजे वायनाडच्या दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाला. त्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर, राज्याच्या जवळजवळ दोन पंचमांश, धरलेले आहेत. त्या गावांतील लोकांच्या शंका खोट्या नाहीत. घर बांधता येईल का, काजूची बाग ठेवता येईल का, याचे स्पष्ट उत्तर त्यांना कोणी दिलेले नाही, आणि ज्यांना खाणी व भूखंड राखावयाचे आहेत त्यांनी त्या शंकांचा आडोसा घेतला आहे. सरकारने प्रत्येक गावात जाऊन नकाशा उलगडावा, झरी कोठे, दरडीचा उतार कोठे, हे गावकऱ्यांकडूनच त्यावर लिहून घ्यावे आणि मग त्यांस विचारावे. इर्शाळवाडी ज्या उतारावर होती तसले उतार आपल्या डोंगराळ भागांत किती आहेत, हे आज जाणणारे गुराखी आणि वनरक्षक आहेत. खात्याच्या कपाटात त्याची यादी असली तर ती आमच्या वाचकांसाठी छापावयास आम्ही तयार आहोत, त्या इंचांच्या तक्त्याच्या शेजारीच.